झाडावरची वेल काढायचीये? आधी स्वतःला सांभाळा, मग झाडाला

मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या घरामागच्या आंब्यावरचा मनी प्लांट काढला. घर नाशकात गंगापूर रोडला, आंबा वडिलांच्या हातचा, आणि मनी प्लांट आईने कधीतरी बाटलीतून काढून बुंध्याशी खोचलेला. दहा-बारा वर्षांत पानं ताटाएवढी झाली, देठं अंगठ्याएवढी जाड, आणि आंबा कुठे संपतो नि वेल कुठे सुरू होते तेच दिसेना. हाफ टीशर्ट घातला, कोयता घेतला, दोन तास वेल तोडत आणि ओढत राहिलो. रात्री मनगटापासून कोपरापर्यंत अशी आग सुरू झाली की हात पाण्याखालून काढवेना, त्यात झोपेत कधीतरी डोळा चोळला गेला, सकाळी डोळा लाल आणि पापणी सुजलेली. डोळ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कोणती वेल होती? तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतलाय, कारण इथे जानेवारी-फेब्रुवारीत अर्ध्या कॉलनीत असली साफसफाई चालते, मळ्यातल्या बांधावरची झाडं पण तेव्हाच मोकळी करतात, आणि विचार सगळा झाडाचा होतो, काढणाऱ्या माणसाचा कोणी करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हिरवी वेल वरून खाली ओढायची नाही. खाली बुंध्यापाशी कापायची, वाळू द्यायची आणि मग हाताला येईल तेवढीच काढायची. चीक, मोहोळ, पडणं, डोक्यावर फांदी येणं, यातले बहुतेक धोके ओढण्यामुळे अंगावर येतात.

आधी ठरवा, काढायची गरज आहे का

बांडगूळ आणि अमरवेल ही खरी परजीवी, झाडाचं अन्नपाणी खाणारी, ती काढलीच पाहिजेत. बांडगूळ फांदीत घुसलेलं असतं म्हणून फांदीचा तेवढा तुकडा घेऊन कापावं लागतं. मनी प्लांट, गुळवेल, मधुमालती, बोगनवेल या झाडाचा फक्त आधार घेतात. त्यांचं वजन वाढलं, शेंडा झाकला, किंवा आतली वाळलेली फांदी दिसेनाशी झाली की काढाव्यात. निरोगी मोठ्या कडुनिंबावर एखादी गुळवेल असेल तर राहू द्या की, तिच्यासाठी शिडी लावून चढण्यात काही अर्थ नाही.

आणि काढलीच गुळवेल तर लगेच काढा करून घरादाराला पाजू नका. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवला तरी झाडावर दोन-तीन वेली एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि वाळलेलं कांड बघून कोणतं कुठलं हे आपल्याला कळत नाही.

वेल ओळखा, कारण प्रत्येकीचा त्रास वेगळा

इंटरनेटवर शोधायला गेलात की सगळीकडे आयव्ही, आयव्ही येतं आणि लोक घाबरतात, म्हणून तो गोंधळ आधी सोडवू. इंग्लंडात झाडांवर चढते ती आयव्ही म्हणजे हेडेरा. तिच्या रसात फाल्कॅरिनॉल नावाचं द्रव्य असतं, ज्यांना त्याची ॲलर्जी झालेली असते त्यांना दिवस-दोन दिवसांनी पुरळ आणि फोड येतात, म्हणजे काम शनिवारी आणि त्रास सोमवारी, त्यामुळे कशाने झालं ते लक्षातच येत नाही. शिवाय तिच्या पानांवर बारीक चांदणीसारखी लव असते, वाळलेली वेल काढताना ती धुळीबरोबर उडते आणि घसा, नाक, डोळे चुरचुरतात. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही पूर्ण वेगळी, तिचं कुळ आंबा, काजू आणि बिब्ब्याचं, आणि तिच्यात उरुशिऑल नावाचं कातडीवर फोड आणणारं तेल असतं. तिकडे ती जाळली तर धुराने फुफ्फुसाला इजा होते म्हणून जाळू नका असं बजावून सांगतात.

आपल्याकडे नाशकात हेडेरा नर्सरीत कुंडीत मिळते, झाडावर रान माजवत नाही. पण फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवतात तो शेफ्लेरा, छत्रीसारख्या पानांचा, तो हेडेराच्याच कुळातला आणि त्यातही फाल्कॅरिनॉल असतं, म्हणून तो छाटतानाही ग्लोव्हज घालाच. आता आपल्या वेली बघू.

मनी प्लांट हा अळूच्या कुळातला. कच्च्या अळूने घसा का खाजतो ते आपल्याला माहीत आहे, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक याच्या देठात आणि पानात असतात. कोयत्याचा घाव बसला की रस उडतो, कातडीवर आग होते, डोळ्यात गेला तर फार वाईट. कुत्र्याने किंवा लहान मुलाने पान चावलं तर जीभ आणि ओठ सुजतात. त्यामुळे कापलेले तुकडे अंगणात पसरून ठेवू नका.

भिंतीवर आणि बुंध्यावर चिकटून चढणारी बारीक पानांची ती वेल, बंगल्यांच्या कंपाउंडला असते बघा, ती अंजिराच्या घराण्यातली आहे, तोडली की पांढरा चीक येतो. अंजिराच्या चिकाचा गुण असा की तो लागलेल्या जागी ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि नंतर काळे डाग राहतात. म्हणून असली वेल काढायची तर फुल बाह्या, आणि चीक लागला की उन्हात उभं न राहता लगेच धुवा. आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती फोड येतात हे तर आंबे उतरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आंब्यावरची वेल काढताना डहाळ्या मोडतात आणि तो चीक पण अंगावर येतो.

आणि खाजकुइली. त्र्यंबक, हरसूल, पेठ, इगतपुरी बाजूला ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको. माझ्या मामांचा बांध पेठ रस्त्याच्या पुढे आहे, तिथल्या सादड्याच्या झाडावर ही चढलेली. शेंगा वाळून सोनेरी तपकिरी झालेल्या, लांबून मखमल वाटावी अशा, आणि वारा आला की त्या मखमलीतली कुसं उडतात, उन्हात नीट पाहिलं तर चमकताना दिसतात. मामांनी फांदी हलवली आणि मानेवर, कॉलरच्या आत, कानामागे कुसं पडली. माणूस बांधावर लोळायला लागला होता. त्या कुसांत म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं, त्याची खाज नेहमीच्या पित्तासारखी हिस्टामिनची नसते, म्हणून सिट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी घेऊन फारसा फरक पडत नाही. चोळायचं नाही. चोळलं की कुसं आत घुसतात आणि पसरतात. कपडे अलगद उतरवायचे, चिकटपट्टी कातडीवर दाबून उचलायची, प्रत्येक वेळी नवा तुकडा, असं करत कुसं काढायची आणि मग साबण-पाणी. मामांच्या मानेसाठी अख्खा रोल संपला, पण तासाभरात ते शांत बसले. खाजकुइली काढायचीच तर शेंगा धरायच्या आधी, वेल हिरवी आणि फुलावर असताना कापा, वाळलेल्या शेंगा असतील तर वाऱ्याच्या दिवशी जवळ जाऊ नका.

कुंपणावर गुंज आणि पावसाळ्यात डोंगराकडच्या भागात कळलावी असते. हात लावल्याने फार काही होत नाही, पोटात गेलं तर जिवावर बेततं. गुंजेच्या बियांत ॲब्रिन, कळलावीच्या कंदात कोल्चिसिन. लाल-काळ्या गुंजा मुलांना मण्यांसारख्या वाटतात, तेव्हा त्या वेचून ठेवू नका आणि कंद कुठला तरी गड्डा समजून घरी आणू नका.

बोगनवेलीचा काटा बोटाच्या सांध्यात मोडला तर टोक आत राहतं आणि सांधा महिनाभर सुजलेला राहू शकतो. चामड्याचे ग्लोव्हज, दुसरं काही चालत नाही.

वेलीच्या आड कोण बसलंय

काम सुरू करायच्या आदल्या दिवशी दुपारी झाडाखाली दहा मिनिटं नुसतं उभं राहा. खुर्ची टाकून बसा हवं तर. माश्यांची ये-जा एकाच जागी दिसते का, गांधीलमाशीचं छत्रीसारखं छोटं घर पानाआड लटकतंय का, पक्षी चोचीत काहीतरी घेऊन सारखा एकाच ठिकाणी घुसतोय का. पिल्लं असतील तर महिनाभर थांबा.

उंच वड, उंबर, सावर यांच्यावर आग्या मोहोळ बसतं. ते असेल तर वेलीला हातच लावायचा नाही, माहितगार माणूस बोलवायचा. एक माशी डसली की तिच्या नांगीतून जो वास सुटतो, केळ्यासारखा, तो बाकीच्यांना हल्ल्याचा इशारा असतो, म्हणून तिथेच उभं राहून हात झटकत बसू नका, चेहरा झाकून पळा, घरात किंवा गाडीत शिरून काचा लावा. विहिरीत किंवा पाटात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी राहिली असेल तर नखाने, कार्डाने, कशानेही लवकर काढा, कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. डसल्यावर अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली किंवा उलटी झाली तर एकच माशी डसलेली असो, 108 ला फोन करा, तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि लवकर लागतं.

सापाचं. वेलीवर हिरवा साप दिसला की लोक हरणटोळ म्हणून मोकळे होतात. हरणटोळ सुतळीसारखा बारीक, तोंड टोकदार, विष सौम्य. पण घाटाकडे, इगतपुरी-त्र्यंबकच्या जंगलाच्या बाजूला चापडा पण असतो, तोही हिरवा, अंगाने जाड आणि डोकं त्रिकोणी, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेली असते, चापड्याच्या नाही. तेव्हा हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं धरून हाताने बाजूला करू नका, काम थांबवा, सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाच्या 1926 वर फोन करा. खरा धोका मात्र वर नाही, खाली आहे. आदल्या दिवशी कापून टाकलेल्या वेलींच्या ढिगाखाली घोणस येऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशी आपण तो ढीग कवेत उचलतो. ढीग हाताने उचलायचाच नाही, आधी लांब काठीने किंवा दाताळ्याने ओढून मोकळा करायचा, पायात गमबूट.

साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिक, यातलं काहीही नको. अंगठी-कडं काढा, हात-पाय हलवू न देता 108 ने थेट सिव्हिलला किंवा लस असलेल्या दवाखान्यात.

सालीखाली आणि दगडाखाली विंचू असतो. लाल विंचवाच्या दंशात नुसत्या वेदनेपेक्षा दरदरून घाम, हात-पाय गार पडणं, उलटी ही लक्षणं गंभीर, कारण विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण ते घरी घेण्याचं औषध नाही, दवाखान्यात गेलंच पाहिजे.

काय घालायचं

ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत जाणारा आपला शेतकरी सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार लावतो पण डोळ्यावर गॉगल लावत नाही, हे मला नेहमी खटकतं. वेल काढताना सगळ्यात आधी डोळे झाका. पान किंवा काडी डोळ्याला निसटती लागली, थोडंसं खुपतंय, एवढ्याकडे आपण दुर्लक्ष करतो, पण झाडपाल्याने झालेल्या जखमेतून डोळ्याच्या बुबुळाला बुरशीचं इन्फेक्शन होतं आणि शेतकऱ्यांची नजर जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. आमच्या ओळखीतल्या एकाला असंच काडी लागली, त्याने मेडिकलमधून विचारून ड्रॉप घेतले, त्यात स्टिरॉइड निघालं, चार दिवस बरं वाटलं आणि नंतर बुबुळावर पांढरा ठिपका आला. स्टिरॉइडने बुरशी अजून फोफावते. म्हणून डोळ्याला झाडाचं काहीही लागलं, दुखतंय, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही, तर मेडिकलवाल्याला न विचारता थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे, त्याच दिवशी. कडेने बंद असणारा साधा पारदर्शक गॉगल हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो.

बाकी फुल बाह्यांचा जाड सुती शर्ट, कॉलर बंद, पँटचे पायचे मोज्यात, चिकाच्या वेलीला रबरी ग्लोव्हज आणि काट्याच्या वेलीला चामड्याचे. मास्क एन95. जुन्या वेलीच्या मागे वर्षानुवर्षांचा पाचोळा, पक्ष्यांची शीट, बुरशी साठलेली असते, ते सगळं नाकातोंडात जातं. दमा असलेल्या माणसाने हे काम करूच नये, मास्क लावूनही नाही. बुंध्याभोवती गाजर गवत असेल तर ते आधी उपटा, फुलावर यायच्या आत, कारण त्याची ॲलर्जी एकदा बसली की हवेतल्या कणांनीही तोंडावर-मानेवर चट्टे उठतात. मी तोंडाला आणि हातांना आधी खोबरेल लावत होतो, डॉक्टरांनी सांगितलं त्याने संरक्षण वगैरे काही मिळत नाही, तर ते सोडून दिलं.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा. दहा वर्षं झाली असतील तर आधीच घेऊन टाका, आणि मातीने माखलेली खोल जखम झाली तर पाच वर्षांपूर्वीचं असलं तरी डॉक्टरांना दाखवा.

आता प्रत्यक्ष काम

वेळ म्हणाल तर थंडी, डिसेंबर-जानेवारी, ऊन चांगलं वर आल्यावर, म्हणजे बुंधा कोरडा असतो आणि पायाखालचं स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात नको, साल निसरडी आणि शेवग्यासारख्या झाडांच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसलेले असतात. एप्रिल-मे मध्ये फुल बाह्या, ग्लोव्हज, मास्क घालून काम करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

वर बघा. वेल विजेच्या तारेला पोचलीये का? पोचली असेल तर तिथेच थांबा. हिरव्या वेलीत पाणी असतं, तिच्यातून करंट येतो, ॲल्युमिनियमची शिडी असेल तर अजूनच. महावितरणला 1912 वर कळवा, सप्लाय बंद करून त्यांचा माणूस तार मोकळी करेल, मग तुमचं काम.

मग बुंध्यापाशी वेलीची सगळी खोडं शोधा. एक असेल असं वाटतं आणि निघतात पाच. जमिनीलगत एक काप आणि कमरेच्या उंचीवर दुसरा, मधला तुकडा काढून टाका, म्हणजे वरच्या वेलीचा खालच्या मुळाशी संबंध तुटला. कोयत्याने घाव घालू नका, रस उडतो आणि झाडाच्या सालीला जखम होते, सिकेटर किंवा लहान करवत वापरा. मनी प्लांटला खोडावरची हवेतली मुळं असतात त्यामुळे वरचा भाग लगेच मरत नाही, दोन-अडीच महिने धीर धरा, पानं पिवळी पडून गळायला लागली की समजा झालं.

वाळल्यावर जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच काढा. काढायच्या आधी पाण्याचा फवारा मारून ओलं करा, धूळ बसते. वरचं राहू द्या. शिडी लावायचीच असेल तर खाली धरायला माणूस पाहिजे, चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, आणि एका हाताने वेल ओढत दुसऱ्या हाताने शिडी धरायची नाही, वेल तुटते तेव्हा झटका उलटा बसतो आणि माणूस मागे पडतो. झाड मोठं असेल तर माणसं लावा. आणि वेलीच्या निमित्ताने फांद्या तोडणार असाल तर शहरात 1975 च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडून परवानगी घ्या.

तणनाशकाचं लोक विचारतात. माझं मत स्पष्ट नाही असं आहे. झाडावर चढलेल्या वेलीवर फवारलं तर झाडालाही लागतं आणि वर बघून फवारल्यावर ते आपल्याच तोंडावर येतं. त्यात 2,4-डी वापरलं आणि शेजारी द्राक्षबाग असली तर वाऱ्याने गेलेल्या थोड्याशा फवाऱ्यानेही द्राक्षाची पानं आखडतात, शेजाऱ्याचं वर्ष जातं. पॅराक्वाट तर घरात ठेवूच नका, पोटात गेलं तर त्याला उतारा नाही.

काम झाल्यावर

ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाईल घ्यायचा नाही, घाम पुसायचा नाही, चहाचा कप धरायचा नाही. आधी ग्लोव्हज धुवा, मग उलटे करून काढा. कपडे घराबाहेरच उतरवून वेगळे भिजवा, घरच्यांच्या कपड्यांत टाकू नका, नाहीतर रस न लागलेल्या माणसालाही खाज सुटते. अंघोळीला आधी भरपूर साधं पाणी आणि साबण, घासणी नको. सिकेटरची पाती पुसून ठेवा.

ढीग जाळू नका. चिकाच्या, काट्याच्या वेलींचा धूर घशात आणि डोळ्यात जातो, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांनाही त्रास. मनी प्लांट आणि अमरवेलीचे तुकडे ओले टाकले तर जिथे पडतील तिथे पुन्हा धरतात, म्हणून प्लास्टिकच्या कागदावर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच खड्ड्यात किंवा घंटागाडीत.

पुढचे तीन-चार दिवस कातडीकडे लक्ष ठेवा. साधी लाली नि खाज थंड पाण्याच्या पट्टीने उतरते. फोड आले, तोंड किंवा पापणी सुजली, पू झाला, ताप आला, किंवा चार-पाच दिवसांनीही खोकला आणि धाप जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना वेलीचा फोटो घेऊन जा. मी वाळलेलं एक पान पिशवीत नेलं होतं, त्यावरून डॉक्टरांना पटकन कळलं.

आमच्या आंब्यावर वरच्या फांद्यांत अजून वाळलेली वेल अडकलेली आहे. वाऱ्याने थोडी थोडी पडते, वर्षभर पडत राहील. तोवर त्या झाडाखाली बाज टाकत नाही, स्कूटर लावत नाही, आणि पोरांचा झोका पलीकडच्या पेरूला बांधलाय. बुंध्याशी महिन्यातून एकदा वाकून बघतो, जूनच्या पहिल्या पावसानंतर दोन हिरवे कोंब फुटले होते, ग्लोव्हज घालून मुळासकट उपटले.